मानेमागचं पाणी

दानम्माच्या घरी जाऊन बसायचं, एवढंच काम सिद्धेश्वरला दिलेलं होतं. कुणी अंतराळवीर स्थानकाबाहेर पडणार असला, की त्याच्या घरच्यांजवळ दुसऱ्या एखाद्या अंतराळवीराने थांबायचं, ही त्यांच्या संस्थेतली रीत. टीव्हीवर दिसेल ते समजावून सांगायचं, चहा घ्यायचा, काम आटोपलं की नमस्कार करून निघायचं. काम नीट आटोपलं नाही तर काय करायचं, हेही शिकवलेलं होतं. त्याविषयी मात्र कुणी फारसं बोलत नसे.

तो मूळचा कंधारचा, दानम्मा उदगीरची. दोघांची एकाच तुकडीत निवड झाली तेव्हापासून नांदेड मोठं की लातूर मोठं, यावर त्यांची भांडणं. अलीकडे दानम्मा म्हणायची, "आता लातूरचं नाव घेऊ नको, आमचा वेगळा जिल्हा झालाय." खरंच झाला होता. नांदेडहून लोहा, जळकोट करत जीप गावात शिरली तेव्हा दुकानांच्या पाट्यांवर 'जि. लातूर' खरवडून ताज्या रंगात 'जि. उदगीर' लिहिलेलं त्याला दिसलं. नव्या कलेक्टर कचेरीच्या उद्घाटनाचा मांडव अजून उतरवला नव्हता, आणि त्याच मांडवाच्या सावलीत बायका घागरी घेऊन टँकरची वाट बघत बसल्या होत्या. पावसाने सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती.

नव्या जिल्ह्याच्या साहेब लोकांना किल्ल्यापुढच्या मैदानात मोठा पडदा लावून दानम्मा गावाला दाखवायची होती. तिच्या वडिलांनी, ईश्वरप्पांनी, हात जोडून नको म्हटलं. मोंढ्यात त्यांचं आडतीचं दुकान. माणूस कमी बोलणारा. "पोरगी कामावर गेलीय," ते म्हणाले. "कामावरच्या मानसाकडं गर्दी करून बघू न्हाई."

म्हणून घरात तिघंच होते. ईश्वरप्पा, दानम्माची आई गुरम्मा, आणि सिद्धेश्वर. गुरम्माने त्याच्यापुढे मुरमुऱ्यांच्या सुशीलाची बशी ठेवली आणि समोरच फरशीवर बसली.

"आता सांगा," ती म्हणाली. "दानूला इचारलं की म्हनती, अव्वा, काई होत न्हाई. काई होत न्हाई, तर तुमाला कशाला धाडलं?"

सिद्धेश्वरला हसू आलं, पण ती हसत नव्हती. मग त्याने सांगितलं. अंगात सूट असतो, तोच तिथला वाडा न् तोच वारा. त्याला कुठे भोक पडलं तर हवा निसटते. फुटलेल्या उपग्रहांचे तुकडे बंदुकीच्या गोळीपेक्षा जोरात फिरत असतात. उन्हात पत्रा हात भाजेल इतका तापतो आणि सावलीत गेलं की बर्फाहून गार. कंबरेला दोर असतो. दोर सुटला आणि हातात धरलेली स्थानकाची कडी सुटली, तर माणूस वाहवत जातो, पाय टेकायला जागाच नसते. आणि थकवा. हातमोजे फुगलेले असतात, प्रत्येक वेळी मूठ आवळायची म्हणजे घट्ट चेंडू दाबल्यासारखं. त्याने आपल्या उजव्या हाताचं मधलं बोट पुढे केलं. नख काळं पडून गळून गेलं होतं, नवीन वाकडं उगवत होतं.

गुरम्माने ते बोट हातात धरून पाहिलं. "भ्या वाटलं का?"

"बाहेर असताना नाही, मावशी. आत आल्यावर हात थरथरायला लागले."

"खरं बोलले," ती म्हणाली, आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

पडद्यावर स्थानकाचा दरवाजा उघडला. आधी मारेक बाहेर पडला, दानम्माचा जोडीदार, मग दानम्मा. पांढऱ्याशुभ्र सुटाच्या बाहीवर लाल पट्टी होती, ती दानम्मा. स्थानकाच्या टोकाशी जुना पंप बिघडला होता, तो काढून नवा बसवायचा होता. मारेकचं काम दुसऱ्या अंगाला, तारा जोडायचं. सिद्धेश्वरच्या एका कानात संस्थेने दिलेल्या फोनची तार होती. वर चाललेलं सगळं इंग्रजी बोलणं त्यातून त्याला ऐकू यायचं. त्या फोनवरून त्याला बोलता येत नव्हतं, फक्त ऐकता येत होतं.

काम झकास चाललं होतं. दानम्मा टोकाला पोचली, पंपाचे बोल्ट सैल करायला लागली. ईश्वरप्पा खुर्चीत पुढे सरकून बघत होते. एकदा तिचा हात निसटला तशी त्यांची मूठ आपोआप आवळली गेली.

तेवढ्यात सिद्धेश्वरच्या कानात दानम्माचा आवाज आला. "माझ्या मानेमागे ओलं लागतंय."

नियंत्रण कक्षातल्या माणसाने विचारलं, घाम असेल का?

"घाम नाही. गार आहे."

प्यायच्या पाण्याची पिशवी गळतेय का? तिने पिशवी चोखून रिकामी केली. थोड्या वेळाने म्हणाली, "पिशवी संपली. ओलं वाढतंच आहे. आता डोक्यावर येतंय."

सिद्धेश्वरने उचललेला घास तसाच बशीत ठेवला. टीव्हीवरची निवेदिका अजून मराठवाड्याच्या लेकीचं कौतुक करत होती. तिच्यापर्यंत हे बोलणं गेलेलंच नव्हतं. आणि मग लाईट गेली. पंखा थांबला, टीव्ही काळा झाला. बाहेर गल्लीत टँकरचा हॉर्न वाजला, घागरी आपटल्याचे आवाज आले, कुणी कुणाला नंबरावरून शिव्या दिल्या.

"काय झालं?" गुरम्माने विचारलं.

"लाईट गेली, मावशी."

"लाईटचं न्हाई इचारून राहिले. तुमच्या तोंडाचं इचारून राहिले."

अशा वेळी घरच्यांना अर्धवट काही सांगू नये, नक्की कळेपर्यंत थांबावं, असं शिकवलं होतं. पण ही बाई त्याच्या तोंडाकडे बघत होती आणि ते तोंड त्याला लपवता येत नव्हतं.

"तिच्या हेल्मेटमध्ये पाणी आलंय," तो म्हणाला.

"पानी?" गुरम्माला कळेना. "हितं थेंब न्हाई, अन् तिथं पानी कुठून?"

"सुटाच्या आत बारीक नळ्या असतात. अंग थंड ठेवायला त्यातून पाणी फिरवतात. ते कुठंतरी गळून हवेच्या वाटेत शिरलंय."

"मग पुसावं की."

"हेल्मेटच्या आत हात जात नाही, मावशी. आणि तिथं पाणी खाली पडत नाही. जिथं लागेल तिथं चिकटून बसतं. मानेवरून डोक्यावर, डोक्यावरून..." तो थांबला.

"नाकात," गुरम्मा म्हणाली.

ईश्वरप्पा उठले. काही न बोलता देवघरात गेले, गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले. त्यांची पाठ दारातून दिसत होती.

"काम सोडून दोघंही आत या," असा हुकूम सुटला होता. पण दानम्मा टोकाला होती आणि दरवाजा स्थानकाच्या मधोमध. मध्ये कड्या, पेट्या, तारांचे जुडगे. त्यात सूर्य मावळला. तिथे संध्याकाळ रेंगाळत नाही, दिवा विझवल्यासारखा अंधार पडतो. सिद्धेश्वर त्या अंधारातून गेलेला होता. हेल्मेटवरच्या दिव्यांच्या उजेडात हातापुरती जागा दिसते, त्यापलीकडे काही नाही. आणि दानम्माला तर आता तीही दिसत नव्हती.

"पाणी डोळ्यांवर आलं," ती म्हणाली. "डोळे उघडले तर नुसतं धुरकट. मी कड्या चाचपत येतेय."

सिद्धेश्वर ते वाक्य मनातच मराठीत फिरवत होता, तोवर गुरम्माने त्याची बाही धरली. "ती काय बोलती ते मला सांग. जसंच्या तसं. सावरून सांगू नको."

आतापर्यंत तुम्ही म्हणणारी बाई तू म्हणाली, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. सिद्धेश्वर सांगू लागला. डोळे गेले म्हणाली. कड्या धरून येतेय म्हणाली. मारेक दरवाजाशी पोचला. तिला विचारतायत, किती लांब आहेस. तिने उत्तर दिलं नाही. पुन्हा विचारलं. उत्तर नाही.

मग दानम्मा स्वतःहून बोलली, आणि बोलताना गुळण्या केल्यासारखा आवाज येत होता. सिद्धेश्वरने डोळे मिटून ते ऐकलं.

"काय म्हनली?"

"म्हणाली, कानात पाणी भरलंय, मला कुणाचंच ऐकू येत नाही. मी बोलत राहते. बोलतेय तोवर मी आहे असं समजा."

गुरम्माने हात पुढे केला. "त्या फोनचा आवाज मोठा कर."

ते नियमात बसत नव्हतं. सिद्धेश्वरने कानातली तार उपसली, फोन फरशीवर ठेवला आणि स्पीकर लावला. खोलीत दानम्माचा श्वास घुमला. ओला, तुटक. मग आवाज. इंग्रजीत, एकेक शब्द सोडवत: कडी मिळाली. पुढची शोधतेय. मिळाली. गुरम्माला इंग्रजी येत नव्हतं, पण ती फोनवर ओणवी होऊन ऐकत होती. बाहेर टँकरभोवतीचा गलका चालूच होता. सिद्धेश्वरने उठून खिडकी लावली. खोली भट्टीसारखी तापली.

नियंत्रण कक्षाने मारेकला सांगितलं, तिचा दोर तुझ्या हाताशी आहे, हळूहळू ओढून तिला आत घे. दानम्माच्या कंबरेचा दोर दरवाजाच्या कडीला बांधलेला होता. आंधळ्या माणसाला घरी आणायचा तोच सरळ मार्ग होता. सिद्धेश्वरने सुटकेचा श्वास सोडला. "आता तिला ओढून घेतील, मावशी. दोर आहे ना, दोराने..."

फोनमधून दानम्मा एकदम ओरडली. शब्द पाण्यात बुडालेले. सिद्धेश्वरला काहीच कळलं नाही. नियंत्रण कक्षातला माणूस म्हणाला, "तिला ठसका लागलाय. मारेक, लवकर." पुन्हा तोच ओरडा.

गुरम्मा ताठ झाली. "ओढू नका म्हन त्याला!"

"काय?"

"कन्नडात बोलून राहिली ती! कालु सिक्कोंडद म्हनती. पाय अडकला. येळीब्याड, येळीब्याड, ओढू नका म्हनती! अरे, सांग की त्याला!"

त्या घरात आई आणि लेक आपसात कन्नड बोलत. बापाशी मराठी, बाजारात मराठी, आईपाशी कन्नड. सिद्धेश्वरने कंधारला असताना कन्नडचा एक शब्द ऐकलेला नव्हता. वर स्थानकात, खाली नियंत्रण कक्षात, त्या घटकेला ते ओळखणारं कुणी नव्हतं. त्याने स्वतःचा मोबाईल काढला. बोटांना घाम सुटला होता, नंबर दोनदा चुकला. तिसऱ्यांदा कक्षातल्या पाळीवरच्या अधिकारी बाईंनी उचलला.

"तिचा पाय दोरात अडकलाय. ओढणं थांबवा."

"तुम्हाला कसं कळलं?"

"ती कन्नडमध्ये बोलतेय. इथे तिच्या आईला कळलं. पाय अडकलाय, ओढू नका, असं म्हणतेय ती."

"सिद्धेश्वर, पाणी तिच्या तोंडाशी आहे. थांबलो तर..."

"ओढलं तर बूट फाटेल!" तो किंचाळला. वळताना दोराचा फेरा पायाभोवती बसला असणार, आणि त्या टोकाच्या पेट्यांच्या कडा कशा धारदार आहेत, हे त्याने स्वतः पाहिलं होतं. दोर ताणला की बूट त्या कडेवर करवतीसारखा घासणार. "बाई, हात जोडतो. थांबवा त्याला."

पलीकडे बाईंनी कुणाला तरी मोठ्याने हाक मारली. मग फरशीवरच्या फोनमधून नियंत्रण कक्षाचा आवाज आला, "मारेक, थांब. दोर सैल सोड. तिचा पाय अडकलाय. दोर धरून तू तिच्याकडे जा."

मारेकने विचारलं, "खात्री आहे?"

"हो. जा."

आता फोनमध्ये दोघांचे श्वास. एक जोरात चाललेला, मारेकचा. दुसरा थांबून थांबून. दानम्मा बोलायची बंद झाली. सिद्धेश्वरला कारण ठाऊक होतं. तोंड उघडलं की पाणी आत जातं; ती आता ओठ मिटून, उरल्यासुरल्या हवेतून नाकाने इवलासा श्वास घेत असणार. किंवा घेत नसणार. ती बोलतेय तोवर आहे असं समजा, हे तिनेच सांगितलं होतं, आणि गुरम्माने ते ऐकलं होतं. गुरम्मा आता काही विचारत नव्हती. फोनकडेही बघत नव्हती. फरशीवरच्या एका भेगेत नख घालून ती कोरत होती.

"दिसली," मारेक म्हणाला. "पायाला दोन फेरे आहेत. थांबा." खडखड. मारेक स्वतःच्या भाषेत काहीतरी पुटपुटला. "एक सुटला." पुन्हा खडखड. "सुटला. बूट ठीक आहे. घेऊन येतोय."

"दानम्मा शुद्धीवर आहे का?"

"चेहरा दिसत नाही. काचेत नुसतं पाणी दिसतंय."

सिद्धेश्वरने हे मराठीत सांगितलं नाही. गुरम्माने मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं, आणि तिनेही विचारलं नाही.

तिला ओढत, ढकलत मारेकने दरवाजापर्यंत आणलं. दोघं छोट्या खोलीत शिरले, बाहेरचा दरवाजा बंद झाला. आता त्या खोलीत हवा भरायची होती. ती पुरेशी भरल्याशिवाय आतला दरवाजा उघडत नाही आणि हेल्मेट काढता येत नाही. एकदम हवा सोडली तर कानाचे पडदे फाटतात. हळू सोडली तर ती तोवर टिकायला हवी. हवा शिरल्याचा सूं आवाज फोनमधून येऊ लागला आणि येतच राहिला. सिद्धेश्वर स्वतः तिथून आत आला होता, तेव्हा त्याला ती वेळ चुटकीसरशी गेल्यासारखी वाटली होती.

"मारेक, तिचा हात दाबून बघ."

सूं.

"मारेक?"

"दाबला. काही नाही."

गुरम्माचं नख थांबलं. हे इंग्रजी तिला कुणी सांगायची गरज पडली नाही.

"पुन्हा दाब."

"थांबा," मारेक म्हणाला. "थांबा. दाबला. तिने दाबला! आहे ती!"

सिद्धेश्वरच्या तोंडून हुंदका आला का हसू, त्याचं त्यालाच कळलं नाही. "हात दाबला, मावशी. दानूने त्याचा हात दाबला."

मग कड्या उघडल्याचा खणखणाट, चार-पाच जणांचे एकात एक मिसळलेले आवाज, हेल्मेट निघाल्याचा चट असा आवाज, आणि मग खोकला. लांबलचक, ओकारी आल्यासारखा, घशातून फाटून येणारा खोकला. गुरम्माने दोन्ही हातांनी फोन उचलून कानाला लावला, लहान मूल रडताना आई ऐकते तसा तो खोकला शेवटपर्यंत ऐकला, आणि मग भिंतीला टेकून पाय पसरून बसली.

ईश्वरप्पा देवघरातून बाहेर आले. "झालं?" त्यांनी विचारलं.

"आत आली, काका."

ते खुर्चीत बसले, समोर सिद्धेश्वरचा गार झालेला चहा होता तो उचलून प्यायले, आणि कप खाली ठेवल्यावर त्यांना दिसलं की तो आपला नव्हता. "माफ करा साहेब," ते म्हणाले, आणि तोंड झाकून रडायला लागले.

पुढे चौकशीत निघालं, की सुटातल्या पाणी आणि हवा वेगळं करणाऱ्या चाळणीत कचरा अडकला होता. सगळे सूट तपासून होईपर्यंत बाहेर जाणं बंद झालं. सिद्धेश्वरची पुढची पाळीही लांबली. दानम्माच्या डाव्या कानाला कमी ऐकू येतं, ते तसंच राहिलं. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी ऊन कलल्यावर वरून घरच्यांसाठी फोन आला. लाईट आलेली होती. दानम्माचा आवाज घोगरा होता. आई आणि लेक बराच वेळ कन्नडात बोलल्या, ईश्वरप्पांशी दानम्मा चार शब्द मराठीत बोलली, आणि मग गुरम्मा म्हणाली, "त्या मारेकला दे जरा."

मारेक आला. गुरम्माने सिद्धेश्वरला जवळ बसवलं. "त्याला इचार, दोर हातात होता, पोरगी बुडून राहिली होती, अन् कोन कुठली बाई फोनवर सांगती ओढू नको. त्याला पटलं कसं?"

सिद्धेश्वरने विचारलं.

"पटलं नव्हतं," मारेक म्हणाला. "सांगा त्यांना, मला अजिबात पटलं नव्हतं. दोर सोडताना माझे हात ऐकत नव्हते. आयुष्यात त्याहून अवघड काही केलेलं नाही."

सिद्धेश्वरने सांगितलं. गुरम्माने ते ऐकून घेतलं, पदराने मानेवरचा घाम पुसला.

"बरं म्हनावं," ती म्हणाली. "अन् दानूचे कान नीट कोरडे करायला सांग त्याला. ती आळस करती."

सिद्धेश्वरने तेही सांगितलं. मारेक बरं म्हणाला.